मेंदूतली अफू

आमच्या गावात एखादी गोष्ट पसरवायची असेल तर दवंडी लागत नाही, वना चहावाल्याच्या टपरीवर चहा पिता पिता बोलली की झालं. दुपारी बोललेलं संध्याकाळी बोरी नदीच्या पलीकडे पोचतं, आणि जाताना पदरचं चार घालून जातं. माझा पुतण्या सुकदेव एवढा हुशार, धुळ्याला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला, पण त्याला एवढं कळलं नाही. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला गावी आला आणि भर टपरीवर बसून त्यानं आपल्याच बापाच्या अंगात येण्याचं शास्त्र सांगितलं.

मी तिथेच होतो. मी झुलाल. गावात माझी पिठाची गिरणी आहे, वीज गेली होती म्हणून बाकावर येऊन बसलो होतो. सुकदेवचा बाप हिलाल हा माझा सख्खा थोरला भाऊ. गाव त्याला नाना म्हणतं, मीही नानाच म्हणतो. नाना खंडेरावाचा भगत. अखाजीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे यात्रा असते आणि यात्रेत बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या एकीमागे एक बांधायच्या, बैल सोडून द्यायचे, गाड्यांवर माणसं बसवायची. बसवायची कशाला, पोरंसोरं सकाळपासूनच लोंबकळत असतात. मग भगत अंगाला हळद लावून, अनवाणी, पहिल्या गाडीचं जू धरतो आणि ती सगळी माळ एकटा नदीकाठच्या देवळापर्यंत ओढत नेतो. त्याच्या दोन्ही अंगांना दोन माणसं धावतात, त्यांना बगले म्हणतात. भगत शुद्धीत नसतो, म्हणून बगल्यांनी शुद्धीत राहायचं. तो चाकाकडे झुकला तर आत ढकलायचा, अडखळला तर उचलायचा. डावा बगल्या मी, उजवा आमचा चुलतभाऊ पुना.

त्या वेळी नानाला काही म्हणजे काही दुखत नाही. बाभळीचा काटा टाचेत मोडलेला असताना त्याला पळताना मी पाहिलंय. एका वर्षी अंगठ्याचं नख उखडून लोंबत होतं, आणि हा देवळाशी थांबून मलाच विचारतोय, रक्त कोनं शे? एरवी हाच माणूस दाढ दुखली की घर डोक्यावर घेतो. आमची वहिनी, ताईबाई, त्याला तोंडावर म्हणते, तुमचा देव बारागाड्यांना बरा येतो, दाढेच्या वेळी कुठं जातो?

तर टपरीवर तोताराम आबांनी विषय काढला. आबा म्हणजे पोलीस पाटील. त्यांना स्वस्थ बसवत नाही.

"काय डाक्टर, तुमना पुस्तकमा काय लिखेल शे? नानाले दुखत का नई?"

सुकदेवला कुणी काही विचारलं की तो थांबत नाही, हा गुण बापाचा. म्हणाला, "आबा, माणसाच्या जिवावर बेतलं की मेंदूत एक द्रव्य सुटतं. एंडॉर्फिन म्हणतात त्याला. काम अफूसारखं करतं. पायात काटा मोडला हा निरोप वर मेंदूकडे जायला निघतो, पण हे द्रव्य त्याला वाटेतच अडवतं. आधी जीव वाचव, रडायचं ते नंतर रड, असं मेंदू सांगतो. आमचे सर उंदराची गोष्ट सांगतात. गार पाण्यात पोहायला लावलेला उंदीर शेपटीला चटका दिला तरी शेपूट लवकर काढत नाही. आणि त्यालाच अफूवरचा उतारा टोचला तर बऱ्याचदा चटकन काढतो."

"उतारा?" आबांनी कप खाली ठेवला. "म्हंजे इंजेक्शन?"

"हो."

"मंग ते इंजेक्शन नानाले दिधं तं देव उतरी जाई?"

सुकदेव हसला. इथे त्यानं हसायला नको होतं. "तसं नाही आबा, देव वेगळा आणि हे वेगळं," असं तो पुढे म्हणाला, पण ते ऐकायला कुणाला वेळ होता? बाकावरचे दोघं उठून चालायला लागले होते. 

वीज आली. मी गिरणी सुरू केली. पुष्पाबाई बाजरीची पाटी खाली ठेवत म्हणाली, "झुलालभाऊ, नाना अफीम खास म्हने?"

"कोन सांगस?"

"बठ्ठं गाव सांगी राहिनं. सुकदेवच बोलना म्हने."

नाना अफू खातो म्हणे! मी तिच्यावर असा ओरडलो की तिनं पाटी परत उचलली. नंतर आलेल्या बाईनं नवीनच सांगितलं. सुकदेवनं धुळ्याहून इंजेक्शन आणलंय, उद्या बापाला टोचणार आणि खरंखोटं करणार. तिसरीनं सांगितलं की नाना दर वर्षी राजस्थानातून पुडी मागवतो. अरे, कानानं ऐकता की कशानं? जो माणूस चहासुद्धा बशीत ओतून अर्धा परत देतो, तो पुडी मागवणार? मी पट्टा उतरवला, गिरणी बंद केली आणि पिठानं भरलेल्या अंगानंच नानाच्या घरी गेलो.

नानाला कळलं होतं. पुनानं देवळासमोर चार माणसांत त्याला विचारलं होतं म्हणे. पुना वाईट माणूस नाही. पण उजवा बगल्या राहून राहून त्याचे केस पांढरे झाले आणि जू काही हातात आलं नाही, ती ठसठस त्याच्या मनात होतीच. त्यात हे आयतं मिळालं.

नाना अंगणात येरझाऱ्या घालत होता. ताईबाईनं वाढलेलं ताट तसंच. खापरावरची पुरणपोळी वाळून चालली होती. सुकदेव ओट्याच्या कडेला उभा.

"नाना, मी तसं म्हणालोच नाही," तो म्हणाला.

"मंग काय म्हनना?"

सुकदेवनं सगळं परत सांगितलं. टपरीवर सांगितलं त्यापेक्षा हळू, नीट, एकेक शब्द जपून. नानानं येरझाऱ्या थांबवून पूर्ण ऐकलं. मधे एकदाही तोडलं नाही. माझा भाऊ शाळेत फार गेला नाही, पण ऐकावं कसं ते त्याला येतं.

"म्हंजे ते मना डोकामाच तयार व्हस?"

"हो."

"मंग देव काय करस?"

 "ते पुस्तकात नाही, नाना," सुकदेव म्हणाला.

नाना परत फिरायला लागला. दाराशी जायचा, परत फिरायचा, तुळशीपाशी थांबायचा, परत दाराशी. मग कमरेवर हात ठेवून बाजेवर बसला आणि म्हणाला, पाठ धरली. ताईबाईनं वीट तापवून शेकायला घेतली. बसवेना म्हणून उठला, उभं राहवेना म्हणून आडवा झाला, आडवं पडवेना म्हणून पुन्हा उठला. बाहेर अखाजीच्या झोक्यांवर पोरी गाणी म्हणत होत्या आणि त्या गाण्यांचाही त्याला त्रास व्हायला लागला. मला त्याच्याकडे बघवेना. आजवर यात्रेच्या आदल्या दिवशी हा माणूस पोरांबरोबर चकल्यापांडं खेळत बसायचा.

सुकदेवनं मला बाजूला घेतलं. "काका, मला एक भीती वाटतेय."

"तुले आते भीती वाटस?" मी म्हणालो. "टपरीवर वाटाले पाहिजे व्हती."

त्यानं ते गिळलं. "मोठं संकट एकदम अंगावर आलं तर हे द्रव्य धावून येतं. पण नुसती धाकधूक, लोक काय म्हणतील, आता काय होईल, असली काळजी लागली की कधी कधी उलटं होतं. दुखणं वाढतं. नानांची पाठ आत्ताच बघा ना. उद्याही असंच राहिलं तर..."

"सरळ बोल."

"उद्या जू धरल्यावर त्यांना दुखेल. मधेच."

 भगताला मधेच दुखलं तर तो थांबणार. आणि गाड्यांना ब्रेक नसतो. बारा गाड्या, वर माणसं, एकदा चालू लागल्या की मागचा लोट पुढच्या गाडीवर येतो. पुढे जो थांबेल तो चाकाखाली जाईल. बगल्यांचं काम काय असतं ते मी उगीच नाही सांगितलं.

"मंग त्याले सांग, यंदा नको म्हनीन."

"माझं ऐकतील? आता?"

मी सांगून पाहिलं. नाना माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मीच पुडी आणून दिली होती. "यंदा नई ओढं तं बठ्ठा म्हनतीन, अफीम सापडनी नई म्हनीन ओढं नई," तो म्हणाला. बरोबरच होतं ते. 

दुसऱ्या दिवशी दुपारपासून गाव नदीकाठी लोटलं. एरवी येतात त्याच्या दुप्पट माणसं. बारागाड्या बघायला कमी, अफू बघायला जास्त. पारोळ्याहून भजीवाले आले होते, पाळणा आला होता. उन्हानं डोळे जळत होते. गाड्या एकीमागे एक बांधून झाल्या होत्या. पहिल्या गाडीपासून देवळापर्यंतची जमीन पाणी मारून भुसभुशीत केलेली होती, नेहमी करतात तशी, भगताच्या पायांसाठी. मी तीनदा गाड्यांच्या बांधणीकडे जाऊन आलो. काही बघायचं नव्हतं, पण एका जागी उभं राहवत नव्हतं.

नाना हळद लावून आला. चेहरा उतरलेला. कमरेतून किंचित वाकून चालत होता, आणि ते फक्त मला आणि सुकदेवला दिसत होतं.

तेवढ्यात पुना पुढे झाला. खांद्यावरचं बगल्याचं उपरणं काढून त्यानं तोताराम आबांच्या हातात दिलं. "मी अफीमबाजले धरावू नई. दुसरा बगल्या पाहा."

  नानानं पुनाकडे पाहिलंच नाही. त्यानं डावा दंड पुढे केला आणि सुकदेवला म्हणाला, "टोच."

"नाना..."

"ते इंजेक्शन टोच. बठ्ठासना समोर टोच. देव जास का ऱ्हास, पाहू."

"माझ्याजवळ नाहीये ते इंजेक्शन. मी आणलेलंच नाही. ते फक्त अफूची विषबाधा झालेल्याला..."

"पाह्य," गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आते नई म्हनस."

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या पोराची दया आली. खरं बोलत होता आणि प्रत्येक खऱ्या शब्दाबरोबर बापाला खोलात ढकलत होता. नानाचा दंड तसाच पुढे.  नानाच्या आयुष्यात मिरवण्यासारख्या गोष्टी दोनच, एक हे जू आणि दुसरा हा पोरगा. हाडांचा सर्जन होणार म्हणून ज्याला त्याला सांगत सुटायचा. आणि आता एकाच्या तोंडानं दुसरं जात होतं.

सुकदेवनं पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले. चपला काढल्या. घड्याळ काढून माझ्या खिशात टाकलं. आबांच्या हातातलं पुनाचं उपरणं घेतलं आणि स्वतःच्या खांद्यावर टाकलं.

"उजव्या बाजूला मी राहतो," तो म्हणाला. "नाना अफू खातात असं मला वाटत असतं तर मी बारा गाड्यांपुढे त्यांच्या बाजूला उभा राहिलो असतो का? आबा, तुम्हीच सांगा."

 मी सुकदेवच्या कानाशी लागलो, "तुले येस का हे? मस्करी नई शे."

"तुम्हीच दाखवा. चाकाकडे गेले की आत ढकलायचं ना?"

"आनि तू भायेर ऱ्हायाचं. चाकपासून लांब."

त्यानं मान हलवली. नानानं दंड खाली घेतला. पोराकडे एकदा पाहिलं आणि गाड्यांना फेऱ्या मारायला निघाला. पाच फेऱ्या पळत मारतात. आम्ही दोघं दोन्ही अंगांना. लोकांनी भंडारा उधळायला सुरुवात केली, डफ वाजायला लागले, येळकोट येळकोट चाललं होतं. दर वर्षी तिसऱ्या फेरीला नानाचे डोळे फिरतात, श्वास बदलतो, हाताला धरलं तर विजेची तार लागल्यासारखं वाटतं. यंदा चौथी झाली, पाचवी झाली. मी त्याच्या दंडाला धरलं. दंड गार होता. डोळे जागच्या जागी, भेदरलेले.

मी म्हणणार होतो, नाना, सोड. पण त्यानं जू धरलं.

मागून लोकांनी पहिला रेटा दिला आणि गाड्या हलल्या. चाकं करकरली, वरची माणसं ओरडली, आणि नाना पळायला लागला. मी त्याच्या पायांकडे बघत पळत होतो. दर वर्षी ते पाय जमिनीला विचारत नाहीत. यंदा विचारत होते. एक पाऊल जपून, एक दमून. अर्धा रस्ता झाला असेल नसेल, नानाच्या तोंडून मला शब्द ऐकू आला. बारागाड्या ओढताना त्याच्या तोंडून शब्द निघालेला मी जन्मात ऐकला नव्हता.

"पाठ," तो म्हणाला. "झुला, पाठ."

आणि तो उजवीकडे कलंडला, सरळ चाकाकडे. मी ओढलं, पण माझ्या हातात घामट हळद आली, माणूस आला नाही. सुकदेवनं खांदा घातला. बापाच्या छातीखाली स्वतःचा खांदा घालून त्यानं नानाला आत लोटला, आणि त्याच झटक्यानं तो स्वतः बाहेर फेकला गेला. पालथा पडला. उजवा हात पुढे. पहिल्या गाडीचं चाक त्या हातावरून गेलं. मी पाहिलं. 

नाना ओरडला. त्यानं मान वळवून पाहिलं होतं. पुढे जे झालं ते मी शंभर वेळा सांगितलंय आणि शंभर वेळा लोकांना खरं वाटलेलं नाही. मागे अकरा गाड्या होत्या आणि पोरगा त्यांच्या वाटेच्या काठावर पडलेला होता. नानानं जू डावीकडे खेचलं. एकट्यानं. धावत्या बारा गाड्या एका माणसानं वळवल्या. दुसऱ्या गाडीचं चाक सुकदेवच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून गेलं, तिसरीचं त्याहून लांबून, आणि पुढे सगळी माळ नानामागे डावीकडे वळत गेली. आता नानाचे पाय जमिनीला काही विचारत नव्हते.

मी मागे बघतो तर सुकदेव उठून पळत येतोय. उजवा हात पोटाशी धरलेला, डाव्या हातानं त्यानं बापाचा दंड पकडला, आणि देवळापर्यंत आम्ही तिघं तसेच गेलो. लोक भंडारा उधळतच होते. त्यांना वाटलं, वळण हाही देवाचाच खेळ. पुना धावत येऊन नानाच्या पायांवर पडला. नानानं त्याला पायानंच बाजूला सारलं.

"हात दखाड," तो सुकदेवला म्हणाला.

"काही नाही नाना. दुखत नाहीये."

मनगट सुजून दंडाएवढं झालं होतं. दोन बोटं भलत्याच दिशेला वळली होती. ताईबाई गर्दीतून घुसून आली, तिनं ते पाहिलं आणि पदराची झोळी करून तो हात त्यात घेतला. आणि सुकदेव हसून सांगत होता, "आई, खरंच दुखत नाहीये."

तोताराम आबांची जीप होती. माणूस कसाही असो, वेळेला जीप काढली आणि धुळ्याच्या दवाखान्याकडे स्वतः चालवत निघाले. मागे आम्ही तिघं. नानाच्या अंगावर हळद तशीच, टाचेतून रक्त येत होतं, त्याला पत्ता नव्हता. जीप हायवेला लागेपर्यंत सुकदेव बोलत होता. जमीन भुसभुशीत होती म्हणून वाचलो म्हणाला, हात मातीत दबला. डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून दाबत होता. दाबायचा, डोळे मिटायचा, परत दाबायचा. हळूहळू त्याचं बोलणं कमी झालं.

"काय व्हयनं?" मी विचारलं.

"काही नाही."

"सुकदेव."

त्यानं बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी हळू म्हणाला, "काका, न दुखण्याची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे मेंदूनं अजून धरून ठेवलंय, ते काल सांगितलं तसं. दुसरं म्हणजे मनगटातली नस गेली. नस गेली असेल तर बोटांना काही कळणार नाही. कधीच."

"हात लावं तं समजस का?"

"कळतंय की नुसतं कळल्यासारखं वाटतंय, तेच मला सांगता येत नाही. अंगठा आणि ही दोन बोटं... नाही सांगता येत."

"मंग कसं समजाई?"

"थांबायचं. हे उतरलं की दुखायला लागेल. बोटांत दुखलं तर नस शाबूत आहे."

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. सर्जन व्हायचं होतं त्याला, आणि उजवा हात.  नाना सगळं ऐकत होता. जीप मुकटीच्या फाट्यावरून पुढे गेली.

"कव्हय दुखी?" नानानं विचारलं.

"सांगता येत नाही नाना. थोड्या वेळात. किंवा..."

 नाना वाटेतल्या झाडागणिक विचारायला लागला. "आते दुखस का?" "नाही." "आते?" "नाही, नाना." आबांनी जीप दामटली होती, खड्ड्यांत आम्ही उडत होतो, प्रत्येक खड्ड्याला मी पोराच्या तोंडाकडे बघायचो की आता ओरडेल. तो ओरडत नव्हता. असला राग मला आयुष्यात कधी आला नाही, आणि कुणावर काढावा तेच कळेना. मेंदूवर काढू? बास झालं की आता! गाड्या थांबल्या, संकट टळलं, पोरगा जीपमध्ये बसलाय, आता कशाला धरून बसलास?

नानानं अचानक माझा हात धरला. "झुला, आज देव उनाच नई," तो म्हणाला. "पाठ मोडी राहिनती. जू सोडनार व्हतो मी. पोऱ्या पडना, आनि बठ्ठं दुखनं बंद व्हयनं."

 सुकदेव खाली मान घालून ऐकत होता.

मग नानानं हात जोडले. जीपच्या पत्र्याला डोकं टेकवलं. आमच्या घरात सात पिढ्या भगत झाले, सगळ्यांनी त्या देवाकडे एकच मागितलं, की दुखू देऊ नकोस. नाना मोठ्यानं म्हणाला, "खंडेराया, आजलोंग माले दुखू दिधं नई. ते बठ्ठं आते याले दी टाक. याले दुखू दे. मना बाप, याले दुखू दे."

आबांनी चालवता चालवता मागे वळून पाहिलं. मी त्यांना समोर बघायला सांगितलं. ऊन उतरलं होतं. सुकदेव आता बोटं दाबत नव्हता, नुसता त्यांच्याकडे बघत बसला होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते दुखण्याचं नव्हतं. ते मी ओळखलं.

फागणे गावाच्या थांब्याजवळ तो एकदम ताठ झाला. ओठ चावले. श्वास अडकला. डाव्या हातानं उजवं कोपर धरलं, वर बघितलं, आणि त्याच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की आबांनी करकचून ब्रेक दाबला.

"दुखस वो माय! दुखस! अंगठामा... बोटंमा... नाना, दुखस!"

फागण्याच्या थांब्यावर उभी असलेली माणसं जीपभोवती गोळा झाली. सुकदेव गुरासारखा ओरडत होता. नानानं त्याला पोटाशी घट्ट धरलं, त्याच्या तोंडावर, केसांवर अंगाची हळद माखत होता, रडत होता आणि हसतही होता. कुणीतरी खिडकीतून हात घालून म्हणालं, काका, पोरगं तडफडतंय, त्याला गप्प तरी करा.

"वरड," नाना सुकदेवला म्हणाला. "आजून जोरमा वरड."